अंगठ्याला बांधलेलं तोरण

काल बायकोनं लोकरीची पिशवी उघडली, डांबरगोळीचा वास आला आणि माझ्या उजव्या पायाचा अंगठा आपोआप ताठ झाला.

बहिणीच्या लग्नाची गोष्ट. साखऱ्याहून टेम्पोनं आम्ही सगळं गणगोत हट्ट्याला निघालो होतो आणि रुखवतात लावायचं तोरण अजून अर्धंच होतं. बायको अंगणवाडीत; दिवसभर लेकरं आणि खिचडी, सुट्टी मिळाली ती आदल्या दिवशी. मग तिनं चालत्या टेम्पोतच माझ्या अंगठ्याला लोकर बांधली आणि वेण्या घालायला घेतल्या. रस्त्यात खड्डे असे, की एकेकात अख्खी वरात मावावी. पण तिची एक वेणी वाकडी होईल तर शपथ!

जवळा बाजारला टेम्पो थांबला. गरम भज्यांचा वास आला तसा मी उठू लागलो.

"हलू नका हो! ताण गेला की वेणी सुटती."

"अगं, भजे संपून राहिले!"

खाली उभी बहीण भजं खात म्हणाली, "दादा, बस गुमान. सासरी माझी इज्जत तुझ्या अंगठ्यात हाय."

हट्ट्याला पोचेपर्यंत अंगठा वांग्यासारखा जांभळा झाला. पण तोरण असं उतरलं, की लोक नवरदेवाला विसरून तेच बघत राहिले.

"कोनी केलं हो?" विहीणबाईंनी विचारलं.

"आमी दोघांनी," बायको म्हणाली.

एवढी मोठी कलावती, आणि मला भागीदार केलं! म्हणून काल तिनं काही म्हणायच्या आधीच मी चप्पल काढली आणि पाय पुढं केला.