पायांनी केलेला भागाकार

शाळेत त्यांना सगळे शिट्टीसर म्हणत. मुलं पाठीमागे, बाकीचे शिक्षक तोंडावर. खेळाच्या शिक्षकाचं काम म्हणजे ताजी मुलं मैदानावर न्यायची आणि दमवून परत आणून द्यायची, असं शिक्षकांच्या खोलीत सर्वांचं एकमत होतं. शिट्टीसरांची काही तक्रार नव्हती. गळ्यात शिट्टी आणि पायाखाली मैदान असलं की त्यांना जगात दुसरं काही लागत नसे.

पण चौथीच्या वर्गानं भागाकारात माती खाल्ली आणि नेमक्या गणिताच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकेनं, शिट्टीसरांना बोलावून शिट्टी मागितली आणि टेबलाच्या खणात टाकून दिली.

"भागाकार येईपर्यंत मैदान बंद. खेळाचे तास गणिताला, आणि गणित तुम्ही घ्यायचं."

"बाई, मला स्वतःलाच भागाकार धड येत नाही."

"मग सुधारायला भरपूर वाव आहे."

"आणि नाही जमलं तर?"

"मैदानावर पार्किंग करा म्हणून शाळेचं मंडळ मागे लागलंच आहे. मुलं नापास होऊनही मैदान कशाला हवं, असं विचारलं तर मी काय सांगू? महिनाअखेरीला चाचणी. पेपर मी काढणार."

शिट्टीसर वर्गात गेले. मुलांना पाढे खडखडीत पाठ होते. साताचा पाढा तर नळ सोडल्यासारखा यायचा. फक्त तो नळ बंद करता येत नव्हता.

"त्रेसष्टमध्ये सात किती वेळा?"

एका हडकुळ्या मुलानं हात वर केला. प्रार्थनेलाही त्याचे पाय जागेवर राहत नसत, म्हणून त्याचं नाव नाचऱ्या पडलं होतं. त्यानं 'सात एके सात'पासून सुरुवात केली, 'सात नव्वे त्रेसष्ट' वाऱ्यासारखं ओलांडलं, 'सात दाहे सत्तर'ला पोहोचला आणि समाधानानं खाली बसला.

"अरे, उत्तर मागे राहिलं की!"

"सर, पाढा मध्ये थांबत नाही."

"बरं. नऊशे बावन्नमध्ये सात किती वेळा?"

"सर, पाढा सत्तरला संपतो," पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. "त्याच्या पुढचं आम्हाला नाही."

शिट्टीसरांना रागावताही येईना. त्यांचाही पाढा सत्तरलाच संपत होता.

रविवारी सासूबाईंनी त्यांना पाण्याचं पिंप उपसायला बसवलं. डोक्यात नऊशे बावन्न, हातात प्लास्टिकचा मग. पाव तास झाला तरी पिंप होतं तसंच.

"जावईबापू, पिंप उपसताय की औषधाचे डोस काढताय? आधी बादलीनं काढा. मग मगानं. उरलंसुरलं वाटीनं."

शिट्टीसरांनी हातातला मग खाली ठेवला. उठून स्वयंपाकघरात एक लांब उडी मारली आणि जागच्या जागी तीनदा टुणटुण उड्या मारल्या.

"ह्यांना मुंगळा चावला का गं?" सासूबाईंनी लेकीला विचारलं.

"नाही आई. काहीतरी सुचलंय. ते मुंगळ्यापेक्षा वाईट असतं."

सोमवारी वर्गातले बाक भिंतीला लागले. शिट्टीसरांनी नियम सांगितला. आकडा म्हणजे पिंप. शंभर साते सातशे ही बादली: वर्गाला धावत एक चक्कर. दहा साते सत्तर हा मग: एक लांब उडी. आणि एक सात म्हणजे वाटी: जागच्या जागी टुणकन.

"नऊशे बावन्नमधून सातशे निघतात? मारा चक्कर. उरले दोनशे बावन्न. आता सात त्रिक एकवीस, म्हणजे तीस साते?"

"दोनशे दहा!"

"तीन उड्या. उरले बेचाळीस. सात सक बेचाळीस, सहा टुणटुण. झाले एकशे छत्तीस. पाढा सत्तरला संपत नाही रे गाढवांनो. शून्य लावलं की तोच पाढा पुन्हा चालू!"

हे आपल्याच तोंडून ऐकून ते स्वतःही चकित झाले.

नाचऱ्या मात्र सहाच्या जागी सात टुणटुण मारून मोकळा झाला.

"कुठे थांबायचं ते पायांना विचारू नकोस. उरलंय किती ते बघ आधी!"

पंधरवड्यात मुलं हजारांचे आकडे फोडायला लागली. गोची चाचणीच्या आदल्या दिवशी कळली. बसून भागाकार कुणालाच येत नव्हता.

"हात तर मोकळे आहेत ना तुमचे?"

"सर, गणित पायात आहे," चष्मेवाली म्हणाली.

चाचणीला वर्गात कारकून उभा राहिला. तो एकेक प्रश्न मोठ्यानं वाचणार होता. खाणाखुणा नकोत म्हणून मोठ्या बाईंनी शिट्टीसरांना आपल्या खोलीत समोर बसवलं. खोली चौथीच्या बरोबर खाली होती. पंधरवडाभर वरच्या चकरा, उड्या, टुणटुण आणि शिट्टीसरांचं ओरडणं बाईंच्या कानावर पडत होतं. बाईंपुढे पेपर होता आणि चहा.

सुरुवातीला शांतता होती. शिट्टीसरांचा हात सवयीनं गळ्याकडे गेला, पण शिट्टी खणात होती.

मग छतावर धडधडाट झाला. पंखा झोकांड्या खाऊ लागला. पाठोपाठ धप्प, धप्प, धप्प. मग सहा बारीक टुणटुण, आणि मागाहून एकटीच सातवी. बाईंच्या कपात गिलाव्याचा तुकडा पडला.

"एकशे छत्तीस," मोठ्या बाई नकळत म्हणाल्या. त्यांनी पेपरात पाहिलं. "बरोबर आहे! पण हा शेवटचा कोण?"

"त्याला थांबता येत नाही, बाई."

"सगळे एकमेकांचं ऐकून नाचले असतील."

"तसं ऐकून तर तुम्हालाही आलं."

बाईंनी त्यांच्याकडे जळजळीत पाहिलं. बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर पुढच्या प्रश्नावर गेली. दोन हजार आठशे चौऱ्याऐंशी भागिले सात. त्यांचे ओठ हलले. मग त्यांनी वर छताकडे पाहिलं.

"अहो, चारशे बारा! चार चकरा!"

त्यांनी खण ओढला आणि शिट्टी टेबलावरून सरकवली. "हे गणित शिकवायला मैदानच लागणार. मंडळाला काय सांगायचं ते मी बघते. पळा आधी, खाली आणा त्यांना!"

शिट्टीसर शिट्टी फुंकतच जिना चढले. तोवर पहिली चक्कर झाली होती. उरलेल्या तीन चकरा मुलांनी मैदानावर मारल्या, मग एक लांब उडी, मग दोनदा टुणकन. सगळे थांबले. नाचऱ्या तेवढा पाचव्या चकरेला निघाला.

"अरे ए, उरलंय किती ते बघ आधी!" खिडकीतून मोठ्या बाई ओरडल्या.