इंजिनाचं टोपडं
कारखान्यात त्यांना सगळे टोपडेतात्या म्हणत. नव्यानं आलेल्यांना वाटायचं, आडनावच असेल.

तात्यांची उमर साध्या रॉकेटांत गेलेली. रॉकेट आपला प्राणवायू टाकीतच घेऊन निघतं; म्हणून पेटवण्याआधी दिसेल ते भोक झाकायचं, हे त्यांच्या हाताला मुरलेलं. मग आलं हे नवं इंजिन. खाली असेपर्यंत ते तुमच्याआमच्यासारखी हवा ओढणार आणि वर हवा विरळ झाली की तोंड मिटून टाकीतल्या प्राणवायूवर जगणार, असा बेत. तेवढंच यानाचं ओझं कमी. वर जाऊन परत यायला, पुन्हा निघायला मोकळं. धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या भल्याथोरल्या तोंडाला तात्यांच्या बायकोनं लाल टोपडं शिवून दिलं. पहिल्याच चाचणीला तात्यांनी ते सवयीनं घट्ट आवळलं, आणि काढलंच नाही! इंजिनानं असा श्वास ओढला की टोपडं गिळून गप्पगार.

"तात्या, लेकराचा गळाच आवळलात की हो!" ते इंजिन बनवणाऱ्या इंजिनिअर बाई म्हणाल्या. तात्यांना मान वर करवेना. पुढं कितीतरी दिवस इंजिनाच्या पोटातून लाल चिंध्या निघत होत्या.

तेव्हापासून पद्धतच पडली. पेटवण्याआधी बाई भोंग्यावरून विचारायच्या, "टोपडं काढलं?" आणि तात्या खालून ओरडायचे, "काढलं!"

पण हवेवरून टाकीवर येताना इंजिन दरवेळी खोकायचं आणि विझायचं. नोकरीत असताना एकदा तरी ते न अडखळता श्वास बदलताना ऐकावं, एवढीच तात्यांची हौस. ती काही फिटली नाही. निवृत्त झाले. घरात कुकरची शिट्टी झाली तरी कान टवकारायचे.

"अहो, डाळ आहे ती," बायको म्हणायची.

एक दिवस बाईंचा फोन आला : चाचणी आहे, या. दोघं गेली. आता पाहुणे, म्हणून तारेच्या कुंपणाबाहेर उभी.

भोंगा वाजला. "टोपडं काढलं?"

"काढलं!" नव्या फोरमनच्या आधी तात्याच ओरडले. सगळे खो खो हसले. बायकोनं बाही ओढली.

इंजिन पेटलं. जमीन पायाखाली थरथरायला लागली. मग ती जुनी, वैरी घटका आली. आवाज खाली बसला, अडखळला... आणि घोगरा होऊन पुन्हा उठला. चालूच राहिला. चालूच!

तात्या खांबासारखे उभे, ओठ घट्ट दाबलेले, चेहरा लालबुंद.

बायकोनं पाठीत धपाटा घातला. "अहो, तोंड त्यानं मिटायचं होतं. तुम्ही घ्या की श्वास!"