वरून ओतलेलं पाणी

बिदरमध्ये लेक पियानो शिकते म्हटलं की लोक विचारतात, "म्हणजे कॅसिओ ना?" कॅसिओ घरी आहे, सरावापुरता. खरा पियानो चर्चच्या मागच्या हॉलमध्ये आहे, लाकडी, कपाटाएवढा, आणि तो शिकवणाऱ्या बाई त्याच्याहून थोड्याच तरुण असाव्यात. या वेळी त्यांनी मुलांना युरोपातली एक जुनी शास्त्रीय रचना बसवायला दिली आणि सांगितलं, हे पाणी आहे. कसलं, ते ज्यानं त्यानं आपापलं आणायचं.

मला हे थोतांड वाटलं. सुरांत तळी आणि चांदणं बघणाऱ्यांचा मला आधीपासून राग आहे. पण लेक रोज संध्याकाळी वाजवायची आणि ते कानावर पडायचंच. पेटीचा सूर भात्यात हवा असेपर्यंत हवा तेवढा लांबवता येतो. पियानोचा सूर वाजला की लगेच विरायला लागतो, त्याला धरून ठेवता येत नाही. एकेक सूर वेगळा पडतो आणि पायाखालचं पेडल दाबलं की सगळे एकमेकांत मिसळून वाहायला लागतात. पाणी आठवतं ते यामुळेच असावं.

"पप्पा, तुम्ही लहानपणी कुठलं पाणी बघितलं?" लेकीनं एक दिवस विचारलं.

"मांजरा नदी," मी म्हणालो. "पावसाळ्यात काठोकाठ भरायची."

आई शेजारीच तूर निवडत बसली होती. "नदी कुठली रं? आपुन तर..."

"आई, जरा चहा टाकतेस का?"

ती उठून गेली. मी लेकीला मोबाइलवर नद्यांचे व्हिडिओ दाखवले. मांजरा मी पहिल्यांदा पाहिली ती कॉलेजला जाताना, बसच्या खिडकीतून.

माझं पाणी वेगळं होतं. आमचं गाव संतपूरच्या बाजूचं. सुट्टीत मी आईबरोबर दुसऱ्यांच्या शेतात खुरपायला जायचो. तहान लागली तरी कळशीला हात लावायचा नाही. मालकीण उभी राहून उंचावरून पाणी ओतायची आणि आम्ही वाकून, तोंडाशी ओंजळ धरून प्यायचो. निम्मं पाणी कोपरांवरून सदऱ्यात जायचं. ओंजळीत तोंड असल्यामुळं पुरे म्हणता यायचं नाही, मान हलवायची. मधेच बांधावर कुणी आलं की ती धार थांबवून बोलत बसायची. आम्ही तसेच वाकलेले, ओंजळ तोंडाशी धरून. ती शिव्या द्यायची नाही, हाकलायची नाही. आम्ही तिला चांगली बाई म्हणायचो, आणि मला सगळ्यात जड तेच जातं.

लेकीच्या त्या रचनेत वरचे सूर बारीक धारेसारखे पडत राहतात, मधे अचानक थांबतात, मग पुन्हा सुरू होतात. मला पहिल्या दिवसापासून तीच धार दिसत होती. दरवर्षी जयंतीला मी स्टेजवरून पाण्याच्या हक्कावर घसा फोडून बोलतो, लोक टाळ्या वाजवतात. आणि स्वतःच्या लेकीला मी मांजरा सांगितली.

रविवारी हॉलमध्ये मुलांचा कार्यक्रम झाला. आई इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्या शेजारी बसली होती. माझ्या दुसऱ्या बाजूला आमच्या ऑफिसचे साहेब बसले होते, त्यांचाही मुलगा वाजवणार होता. मुलं आधी आपलं पाणी सांगत होती. कुणाचा धबधबा, कुणाचा गोव्याचा समुद्र. लेक नुसतंच "पाणी" म्हणाली आणि वाजवायला बसली.

घरी वाजवायची त्यापेक्षा संथ वाजवत होती. मधल्या जागी थांबली ती इतकी लांब, की मला वाटलं विसरली. तेवढ्यात शेजारी हालचाल झाली. आईचे दोन्ही हात मांडीवरून उठले होते, ओंजळ होऊन हनुवटीपाशी आले होते. मान खाली वाकली होती. तिचं तिलाही कळत नसावं. मी आधी साहेबांकडे बघितलं. मग आईचे हात धरून खाली दाबले. जोरातच दाबले, बांगड्या वाजल्या. आईनं ते तसेच दाबू दिले. माझी मला इतकी लाज वाटली की पुढचं काही ऐकूच आलं नाही.

बाहेर पायऱ्यांवर लेक पळत आली. "पप्पा, मधलं थांबणं जमलं ना? आजी म्हणाली, ती बाई बांधावर बोलत बसायची तेवढं थांबायचं."

"आजीनं सांगितलं तुला?"

"हो. मी तुम्हालाच परत विचारणार होते. पण आजी म्हणाली, 'त्याला नको इचारू माय, त्याला माझी लाज वाटायलीय.'"

आई दोन पायऱ्या खाली चपला शोधत होती. तुझी लाज नाही गं वाटत, एवढंच मला तिला सांगायचं होतं. साहेब शेजारी उभे राहून खिशात गाडीची किल्ली चाचपत होते.

"चला," मी म्हणालो, "उशीर झालाय."