किडनी माझी, निरोप नवऱ्याला

“डावी किडनी जवळजवळ बंद पडली आहे,” नागपूरच्या डॉक्टरांनी एक्स-रे उजेडासमोर धरून सांगितलं. “मुतखडा पडल्यावर पुन्हा फोटो काढायला कोणी सांगितलं नव्हतं का?”

“मले कोणीच नाही सांगतलं.”

शेजारी आमचे हे खाली मान घालून बसले होते. तेव्हा मला कळलं, ह्यांना सांगितलं होतं.

साठ-एकसष्टचे दिवस. सोनोग्राफीचं नावही नव्हतं. नागपूरच्या ह्या फेरीच्या दोन वर्षांआधी, बोरी अरबच्या आमच्या वावरात कापूस वेचताना डाव्या कुशीत कळ उठली. उलट्या, ताप. बैलगाडीनं तालुक्याला नेलं. युरेटरमध्ये, म्हणजे किडनीतून लघवी खाली आणणाऱ्या नळीत, खडा अडकला होता. इंजेक्शनं घेतली, तांब्यावर तांबे पाणी प्याले. तीन आठवड्यांनी मुगाएवढा खडा पडला आणि मी परत वेचणीला लागले.

दोन वर्षांनी पाय सुजले, डोकं ठणकू लागलं. ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं, म्हणून नागपूर.

दवाखान्याच्या पायरीवर मी ह्यांना विचारलं, “काहून लपवलं?”

“डॉक्टरनं महिन्यानं बोलावलं होतं. पण तू तं बरी दिसत होती. वेचणी सुरू होती. म्हटलं, कायले घाबरवू?”

मला संताप संताप झाला. नागपूरहून आल्यावर आधी तालुक्याचा दवाखाना गाठला.

डॉक्टर म्हणाले, “घरच्या माणसाला सांगितलं होतं ना, बाई.”

“घरचा माणूस मुतत नाही माह्यासाठी!” मी ओरडले.

त्या दिवशी डॉक्टर पहिल्यांदा माझ्याशी बोलले. तुंबलेल्या लघवीनं किडनी फुगते. खडा गेला तरी नळी आतून आकसू शकते, आणि ते दुखतही नाही. आता मीठ कमी, दर वर्षी लघवी, ब्लडप्रेशर आणि ब्लड युरिया तपासायचं. ब्लड युरिया म्हणजे रक्तात साठलेल्या घाणीचं माप.

उजवी किडनी दोघींचं काम ओढते आहे. तिचे उपकार मानते. ह्यांच्यासोबत संसार चालू आहे, पण राग गेलेला नाही.

बायांनो, कळ थांबली म्हणून उठून घरी येऊ नका. पुढे काय, ते स्वतःच्या तोंडानं विचारा. डॉक्टर नवऱ्याकडे वळून बोलू लागले, तर म्हणा, “इकडं पाहा. दुखणं माह्यं हाय.”