पुढचं दार

लंडनपासून दूर उत्तरेला, कोळशाच्या खाणीवर जगणाऱ्या लिंगडेन गावात घराला पुढचं दार असतं ते नावापुरतं. शेजारीण असो, दूधवाला असो, नाहीतर उधारीवर साखर मागायला आलेली जाऊ असो, सगळी वर्दळ मागच्या गल्लीतून. पुढच्या दाराची पितळी मूठ बायका घासूनपुसून लख्ख ठेवतात आणि तिला सहसा कुणी हात लावत नाही. नवरी त्या दारातून निघते, शवपेटी त्या दारातून निघते, आणि खाणीत माणूस गेला की निरोप घेऊन येणारा तेच दार वाजवतो. हे कुणी कुणाला शिकवत नाही.

सेप्टिमस हेदरिंग्टनला तर ते शिकवायची मुळीच गरज नव्हती. सातवं अपत्य म्हणून सेप्टिमस, म्हणजे लॅटिनमध्ये 'सातवा'. गावाच्या तोंडी नुसता सेप. लहान असताना एका सकाळी पुढचं दार वाजलं आणि उघडायला तोच धावला. दारात खाणीचा मुकादम, टोपी हातात. आई आधीच गेलेली, त्या दिवशी बापही गेला. मग थोरल्या बहिणीने, मेगने, त्याला वाढवलं. स्वतःच्या ताटातला बेकनचा तुकडा त्याच्या ताटात सरकवायची आणि वर म्हणायची, "मला मेलं आवडतच नाही ते."

शाळा सुटली आणि सेप खाणीत उतरला. माणूस तोंडाचा फटकळ. जिथे बाकीचे मान खाली घालून उभे राहत, तिथे हा मुकादमाशी हुज्जत घालायचा. साहजिकच युनियनने त्याला पुढे केलं, मग कौन्सिलने, मग मजूर पक्षाने त्याला खासदार करून लंडनला पाठवलं. तिथेही तो पक्षाच्या अगदी डाव्या कडेला जाऊन बसला आणि स्वतःच्याच नेत्यांची भर सभेत सालटी काढू लागला. इकडे गावात खाणकामगारांच्या क्लबात लोक बीअरचे ग्लास आपटायचे. "आमच्या सेपने परत हाणली रे!"

खाणी सरकारच्या झाल्या त्या सकाळी लिंगडेनच्या फाटकावर पाटी ठोकायला सेपच शिडीवर चढला होता. "आता मालक आपणच," तो वरून ओरडला. लोकांनी ते खरं मानलं. खरं सांगायचं तर त्यानेही मानलं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी पक्ष पुन्हा सत्तेवर आला आणि सेप उपमंत्री झाला. काम चोख करायचा, पण भाषणं गुळगुळीत होत गेली. मेगने एकदा तोंडावर सांगितलं, "रेडिओवर ऐकलं तुला. शब्द सगळे कळले, पण तू म्हणालास काय, ते काही कळलं नाही बाबा."

आणि मग त्याच्याच सरकारने ज्या खाणी बंद करायच्या ठरवल्या, त्यांत लिंगडेनची खाण निघाली. मेगचा नवरा ईबेन आणि मुलगा राल्फ, दोघेही तिथेच. घोषणा व्हायची होती. हे मेगला पेपरातून कळू नये, निदान आपल्या तोंडून कळावं, एवढी लाज सेपच्या अंगात शिल्लक होती. सरकारी गाडी घेऊन तो सोमवारी सकाळी गावात आला. वाटभर मनात वाक्यं जुळवत होता: नवे कारखाने, भरपाई, पोरांचं भविष्य.

सोमवार म्हणजे धुण्याचा दिवस. मागच्या गल्लीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत दोऱ्यांवर चादरी.

"साहेब, यातून गाडी घातली तर बायका मला जिवंत सोडायच्या नाहीत," ड्रायव्हर म्हणाला.

"मग पुढून घे."

गाडी पुढून गेली. सेप उतरला आणि वाक्यं जुळवता जुळवताच त्याने दार ठोठावलं.

आत काहीतरी पडून फुटलं. कडी निघेना, कारण ती काढायची कुणाला सवयच नव्हती. शेवटी दार उघडलं. मेगचे हात कोपरापर्यंत साबणाने भरलेले, चेहरा पांढराफटक. तिने त्याच्याकडे पाहिलंच नाही. पुढच्या दारात कुणीतरी उभं आहे एवढंच तिला दिसलं.

"कोण गेलं?" ती म्हणाली. "ईबेन की राल्फ?"

तेव्हा कुठे सेपला कळलं आपण काय केलं ते. "कुणी नाही, मेग! मी आहे, सेप. कुणाला काही झालेलं नाही."

मेग उंबऱ्यावरच बसली. समोरच्या घरांचे पडदे हलले.

"मेल्या," ती म्हणाली, "तूसुद्धा? ह्या दारावर?"

जुळवलेलं एकही वाक्य त्याला आठवेना. "खाण बंद होणार आहे, मेग. जाहीर व्हायच्या आधी तुला सांगावं म्हणून..."

तिच्या हातावरचा साबण सुकत होता.

"म्हणजे दोघेही," ती म्हणाली. "मग बरोबर दारावर आलास, पोरा. जा आता."

सेपने लंडनला जाऊन मंत्रिपद सोडलं आणि स्वतःच्याच सरकारविरुद्ध मत दिलं. पेपरात दोन दिवस गाजलं. खाण व्हायची तशी बंद झालीच. ईबेन बिस्किटांच्या कारखान्यात रखवालदार झाला. राल्फ बायकोपोरं घेऊन दक्षिणेकडच्या खाणींवर गेला. पुढच्या निवडणुकीला सेप उभा राहिला नाही. बोचकं बांधून तो लिंगडेनला परतला. एवढ्या काळात मेगने त्याला एक शब्दही धाडला नव्हता. क्लबात लोक त्याला बीअर पाजत, पाठ थोपटत. त्याला त्याचं सुख नव्हतं.

एका सोमवारी त्याने मन घट्ट केलं. मागच्या गल्लीत शिरला, ओल्या चादरींखालून वाकत वाकत मेगच्या परसात पोचला आणि तिथेच उभा राहिला. हाक मारायचा धीर होईना. मेग टबातून मोठी चादर उपसत होती. तिने वळूनही पाहिलं नाही.

"उभा काय राहिलास? ते टोक धर," ती म्हणाली. "राल्फ गेल्यापासून पिळायला दुसरं कुणी नाही."

त्याने टोक धरलं. ती एकीकडे पिळू लागली, तो दुसरीकडे. पाणी त्याच्या बुटांवर पडत राहिलं.

"घट्ट धर," मेग म्हणाली. "हे तरी सोडू नकोस."