नावे कापलेला पेपर

शुक्रवार, ७ फेब्रुवारी २००३ रोजी दुपारी अडीच वाजेपर्यंत आमच्या सेमिनारच्या सरांनी जगातल्या कोणत्याही शोधनिबंधाचे कौतुक केल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. अडीचनंतरही ते कुणी ऐकले नाही. मात्र त्याचे कारण त्या दुपारपासून मला माहीत आहे.

सर नाशिकमध्ये आम्हा एम.एस्सी.च्या वर्गाला वनस्पतिशास्त्र शिकवत आणि दर शुक्रवारी एका विद्यार्थ्याकडून एका निबंधाची जाहीर चिरफाड करवून घेत. झेरॉक्स देण्यापूर्वी ते लेखकांची नावे कात्रीने कापून टाकत. "नाव दिसलं की माणूस एकतर नमस्कार करतो, नाहीतर सूड घेतो," असे त्यांचे म्हणणे. शेवटी सादरकर्त्याने निबंधाला दहापैकी गुण देऊन आकडा फळ्यावर लिहायचा, अशी शिस्त होती. वर्गाबाहेरही ही वृत्ती विश्रांती घेत नसे. गंगापूर रोडवर 'नाशिकची एक नंबर मिसळ' ही पाटी वाचून त्यांनी मालकाला विचारले, दुसरा नंबर कुणाचा? "समोरच्याचा," मालक म्हणाला, "पण पाटी त्याचीही एक नंबरचीच आहे." सरांनी दोन्हीकडे खाल्ले, दुसऱ्या वेळी भूक कमी होती म्हणून तुलना अवैध ठरवली, आणि दुसऱ्या दिवशी उलट क्रमाने खाल्ले. "भाजी कशी झालीय?" या प्रश्नाला ते घरी "कशाच्या तुलनेत?" असे उत्तर देत; त्यामुळे काकूंनी विचारणेच सोडून दिले होते.

पीएचडीसाठी मला या गृहस्थांचे शिफारसपत्र हवे होते. त्यामुळे माझ्या वाट्याला आलेल्या निबंधावर मी दयामाया दाखवली नाही. कडुनिंबाच्या पाल्याचे थर देऊन साठवलेला कांदा कमी सडतो, असा त्याचा दावा होता.

"कमी म्हणजे कशापेक्षा?" मी विचारले. "पाला न घातलेला ढीग तुलनेला ठेवलेलाच नाही. लेखकाला ही प्राथमिक गोष्ट सुचलेली दिसत नाही."

"सुचली होती," खिडकीबाहेर पाहत सर म्हणाले. "तसा ढीगही होता. नामपूरच्या बाजारात भाव चढला आणि कांदाचाळीच्या मालकाने तो विकून टाकला. विचारलं तर म्हणाला, 'भाव चांगला शे, सर. दुसरा ढीग शे ना.'"

वर्ग हसला. मी पाने पुन्हा चाळली.

"सर, हे यात कुठेच लिहिलेलं नाही."

"नाही. लिहायला हवं होतं."

"लेखक तुमच्या ओळखीचा दिसतो, सर," मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणाले. "माणूस कसा आहे?"

"तेव्हा तरुण होता. बढतीची घाई होती."

हसू थांबले नाही. माझे तेवढे थांबले. सरांनी खडू पुढे केला. आकडा मी घरूनच ठरवून आणला होता. आता मात्र पाच लिहिणे सभ्यपणाचे वाटू लागले, आणि शिफारसपत्राच्या दृष्टीने सहा.

"नमस्कार नको," सर फक्त मला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाले.

मी लिहिले. त्यांनी मान तिरकी करून आकडा वाचला. "थोडा जास्तच दिलास," ते म्हणाले.

तास संपल्यावर फळा स्वतःच्या हाताने पुसायची त्यांची सवय होती. सर आज नाहीत. शिफारसपत्र त्यांनी त्याच आठवड्यात दिले होते. पण त्यांची आठवण आली की दिसते ते एवढेच: हातातले डस्टर टेबलावर ठेवून, न पुसताच बाहेर पडलेले सर, आणि फळ्यावर माझ्या अक्षरात, दहापैकी तीन.