डिस्कवर विखुरलेलं लग्न

काही वर्षं मी लोकांची लग्नं बघून पोट भरलं. लग्नाला मात्र क्वचितच गेलो. शाहूपुरीत एका फोटो स्टुडिओच्या मागच्या अंगाला मिक्सिंगची खोली होती, तिथं मी बसायचो. खिडकीला काळा पडदा आणि कॉम्प्युटर तापू नये म्हणून एसी. शूटिंग करणारा कॅसेटी आणून द्यायचा, मी त्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायचो, नको ते कापायचो, उरलेल्यावर गाणी चढवायचो आणि सीडी तयार करायचो. हळदीला एक गाणं, वरातीला एक, पाठवणीला बासरी.

या कामात एक विचित्र गोष्ट होते. तुम्ही शेकडो माणसांना ओळखायला लागता आणि त्यांतलं एकही तुम्हाला ओळखत नाही. महाद्वार रोडवर एखादी बाई समोरून यायची आणि मला आठवायचं, ही पाठवणीच्या वेळी आईला सोडून धाकट्या भावाच्या गळ्यात पडून रडली होती. एकदा मंडईत मी एकीला हसून "बरं आहे ना?" असं विचारलंसुद्धा. तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि ती पुढं निघून गेली. तिचं काही चुकलं नव्हतं. तिच्या लग्नात मी नव्हतोच.

आई-वडील आधीच गेले होते. थोरली बहीण लग्न होऊन लांब नांदत होती, दिवाळीला तिचं पत्र यायचं. मंगळवार पेठेत एक खोली आणि जवळच खानावळ, एवढा माझा संसार. खानावळीत शेजारी रोज तीच माणसं असायची, पण सगळे ताटात बघून जेवायचे.

दोन हजार सालानंतरच्या एका लग्नसराईत कॉम्प्युटर बिघडल्यासारखा वागायला लागला. कॅसेट उतरवून घेताना चित्र मध्येच अडकायचं. नवरी हार घालायला हात उचलायची आणि पुढच्या क्षणी हार नवऱ्याच्या गळ्यात. मधलं काहीच नाही. मालक माझ्या खुर्चीमागं उभे राहून बघत होते.

"हार कुठं गेला रे?" ते ओरडले. "लोक आपल्याला फोडून काढतील."

आम्हाला कॉम्प्युटर जोडून देणारा एक जण होता, माझ्याच वयाचा. त्याला बोलावलं. त्यानं डिस्क तपासली आणि म्हणाला, "बिघाड काही नाही. फाईलींचे तुकडे झालेत."

फाईल म्हणजे कपाटात ठेवलेल्या वहीसारखी एकसंध वस्तू असते, अशी माझी तोवर समजूत होती. तो म्हणाला, तसं नसतं. डिस्कवर लहान लहान जागा असतात. आम्ही एक लग्न उतरवायचो, सीडी झाली की पुसायचो, मग दुसरं उतरवायचो. पुसलेल्याच्या जागा मोकळ्या व्हायच्या, पण सलग नाही, इथं थोडी, तिथं थोडी. नवीन लग्न त्या फटींमध्ये मावेल तसं भरलं जायचं. मला ते पंगतीवरून कळलं. उशिरा आलेल्या घरच्या मंडळींना एका ओळीत पानं मिळत नाहीत. मग काका या टोकाला, मावशी त्या टोकाला, पोरं मधे कुठंतरी. वाढपी त्यांना शोधत पळत राहतो आणि कुणाचा तरी भात राहून जातो. आमचा हार असाच राहून गेला होता.

त्यानं मला डिफ्रॅग करायला शिकवलं. पडद्यावर रंगीत चौकोन यायचे आणि एकेक उचलून जागेवर बसायला लागायचे. विखुरलेले रंग हळूहळू एकत्र यायचे. रविवारी स्टुडिओ बंद असायचा. मी किल्ली घेऊन जायचो, डिफ्रॅग लावायचो आणि समोर बसायचो. खरं तर बसायची गरज नव्हती. पण खोलीवर जाऊन तरी काय करायचं होतं? डिस्कचा बारीक कुरकुर आवाज यायचा, चौकोन हलायचे. कुणीतरी घर आवरतंय आणि आपण दारात बसलोय, असं वाटायचं.

त्या साली सराई संपली आणि पाऊस लागला. सराईच्या शेवटच्या गर्दीत डिफ्रॅग राहून गेला होता आणि आता काम नव्हतं, त्यामुळं मी डिस्क तशीच ठेवली होती. श्रावणात एका दुपारी पांढरी टोपी आणि भिजलेली छत्री घेतलेले एक गृहस्थ काउंटरवर आले. मालक जेवायला गेले होते, म्हणून मीच पुढं आलो.

"पावणं, वैशाखात आमच्या पोरीच्या लग्नाचं शुटिंग तुमच्याच दुकानानं केलतं न्हवं?"

मी चेहरा बघितला आणि लगेच ओळखलं. गडहिंग्लजचं लग्न. यांचं बी-बियाणांचं दुकान होतं, मंडपाला पिवळी-जांभळी झालर होती आणि अख्ख्या लग्नात यांची टोपी वाकडी होती. अर्थात हे मी त्यांना सांगितलं नाही.

"हो, आम्हीच केलं. सीडीत काही खराबी आहे का?"

"न्हाय, खराबी न्हाय. शीडी चांगली हाय." ते स्टुलावर बसले. छत्री कुठं ठेवावी हे त्यांना कळेना, मग त्यांनी ती मांडीवरच घेतली. "पोरीची आई गेली मागल्या म्हैन्यात. छातीत दुखतंय म्हणाली, आन् दवाखान्यात न्हेस्तवर गेली."

मी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"पोरगी माहेरी आलीया. दोघं बी रोज शीडी लावतो. ती दिसती की. चालती, बोलती, तोंड हलतंय तिचं. पण वरनं गाणं वाजतंय." ते थांबले. "गाणं बाजूला करून तिचा आवाज तेवढा देता येईल का? आमच्याकडं कुठं बी न्हाय तिचा आवाज."

ते गाणं मीच चढवलं होतं. सगळ्यांनाच गाणी हवी असायची. मूळ आवाज म्हणजे भांड्यांचा खणखणाट, पोरांचं रडणं आणि बँडचा गोंधळ, तो कुणी मागत नसे. सीडीत खालचा आवाज उरतच नाही, गाणं काढलं तर फक्त शांतता मिळेल, हे मी त्यांना समजावून सांगितलं. कॅसेटींवर पुढच्या लग्नांचं शूटिंग झालं होतं. कॉम्प्युटरवरचं पुसलं होतं.

"पुसलं म्हणजे गेलंच म्हणायचं," ते म्हणाले. स्वर विचारण्याचा नव्हता.

हो म्हणायला तोंड उघडलं आणि थांबलो. कॉम्प्युटरवाल्यानं मागं कधीतरी सांगितलेलं आठवलं. पुसताना मशीन फक्त 'ही जागा मोकळी' अशी नोंद करतं. आतला मजकूर तसाच पडून असतो, वर दुसरं काही येईपर्यंत.

"मला चार दिवस द्या," मी म्हणालो. "सांगता येत नाही, पण बघतो."

मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला. तो पलीकडून ओरडलाच, "त्या डिस्कवर आता काहीही उतरवू नकोस! आणि डिफ्रॅग तर अजिबात नको. डिफ्रॅग केलास की सगळं सरकवताना मोकळ्या जागांवर दुसरं काहीतरी येऊन बसेल. मग देव आला तरी मिळायचं नाही."

रविवारी सकाळी तो दुसरी डिस्क आणि एक सीडी घेऊन आला. त्याचं शोधायचं सॉफ्टवेअर लावलं आणि दुपारपर्यंत वाट बघितली. पुसलेल्या फाईलचं नाव सापडलं, तेव्हा मी खुर्चीतून उठून उभा राहिलो. पण फाईल उघडली तर सुरुवातीला गडहिंग्लजची पिवळी-जांभळी झालर, मग एकाएकी इचलकरंजीचं कुठलं तरी रिसेप्शन, मग नुसता हिरवा पडदा.

"फाईल कुठनं सुरू होते एवढंच कळतंय," तो म्हणाला. "पुढचे तुकडे कुठं आहेत त्याचा पत्ता पुसला गेलाय. सलग असती तर अख्खी मिळाली असती."

म्हणजे डिस्कभर शोधायचं आणि जे तुकडे सापडतील ते एकेक बघायचे. त्याला घरी जायचं होतं, बायको माहेराहून येणार होती. तो गेला आणि मी एकटाच बसलो. सापडलेल्या तुकड्यांत सहा महिन्यांची लग्नं मिसळली होती. कुठं नुसते पाय, कुठं अक्षता, कुठं अर्धी उखाण्याची ओळ. पुढचे दोन-तीन दिवस मी तेच करत होतो. मालकांनी एकदा डोकावून बघितलं, कारण विचारलं आणि चहा पाठवून दिला.

झालर दिसली की तुकडा बाजूला काढायचा. त्या बाईंना मी आधी कित्येकदा बघितलं होतं, हिरवं लुगडं, हातात सतत काहीतरी, कधी ताट, कधी पिशवी. पण त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. उतरवून घेतानाही मी आवाज बंद ठेवायचो, डोकं दुखतं म्हणून. आता हेडफोन लावून ऐकत होतो. एरवी त्या खोलीत कुठल्याच बाईचा आवाज नसायचा, नुसता एसीचा असायचा.

ठरल्या दिवशी ते गृहस्थ निपाणीवरून येणाऱ्या एसटीनं आले. मी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि माझ्या खुर्चीवर बसवलं.

"फार नाही मिळालं," मी आधीच सांगून टाकलं. "तुकडे तुकडे आहेत."

"असू द्या."

पहिल्या तुकड्यात त्या मंडपाच्या दारात उभ्या होत्या. कुणालातरी हात करत म्हणाल्या, "बा अक्का, ऊट माडु..." आणि तुटलं.

"थोरल्या बहिणीला जेवाय बोलावतीया," ते हळूच म्हणाले. "संकेश्वराकडची न्हवं ती. बहिणीसंगं कानडीच बोलायची."

दुसऱ्यात त्या दिसतच नव्हत्या, कॅमेरा नवऱ्या मुलावर होता. पण मागून त्यांचा आवाज येत होता, कुणाला तरी विचारत होत्या, पाण्याच्या टाकीचं काय झालं. तिसरा सगळ्यात मोठा होता. त्यात हे गृहस्थ पाहुण्यांना नमस्कार करत उभे होते आणि त्या बाजूनं येऊन त्यांच्या कानाशी बोलल्या. कॅमेऱ्याचा माईक जवळच असावा.

"अवो, टोपी नीट करा की. सकाळधरनं वाकडी हाय. फोटूत सगळीकडं तशीच येणार."

"येऊ दे. पोरीचं लगीन हाय, टोपीचं न्हाय."

"लई शाणं." आणि त्या हसल्या. हसणं अर्ध्यावर असताना तुकडा संपला आणि इचलकरंजीचा बँड सुरू झाला. मी पटकन थांबवलं.

ते पडद्याकडं बघत राहिले. मग हात वर गेला, त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि तोंडाला उपरणं लावलं. मी बाहेर जावं की थांबावं मला कळेना. उगीचच माउस साफ करत बसलो.

"पुन्यांदा लावा," ते म्हणाले.

मी लावलं. मग परत लावलं. शेवटी त्यांनी खुर्ची माझ्याकडं वळवली. "आमच्यात ती अशीच बोलायची. कवा गोड बोलली न्हाय. मला वाटायचं, ध्यानात ऱ्हाईल."

सगळे तुकडे मी सीडीवर घालून दिले. त्यांच्यावर काहीही चढवलं नाही.

दिवाळीनंतर सराई सुरू होणार, तेव्हा मालक म्हणाले, "डिस्क साफ कर आता." मी डिफ्रॅग लावला. जे मिळण्यासारखं होतं ते आम्ही काढून घेतलं होतं, हे मला माहीत होतं. तरी त्या रविवारी मी समोर बसलो नाही. रंकाळ्यावर जाऊन पाण्याकडं बघत फिरत राहिलो. संध्याकाळी आलो तेव्हा चौकोन ओळीत लागले होते.

पुढं मी मिक्सिंग करताना गाण्यांच्या मधे थोडा थोडा मूळ आवाज ठेवायला लागलो. बऱ्याच लोकांनी तक्रार केली. "इथं गाणं टाकायचं राहिलंय," म्हणायचे. मग मालकांनी सांगितलं, विचारून ठेवत जा. विचारल्यावर बहुतेकजण नको म्हणायचे.

संक्रांतीच्या सुमारास गडहिंग्लजहून स्टुडिओत फोन आला. "पावणं, एकदा घरला या की जेवायला. पोरगी म्हणतीया, त्यास्नी बोलवा." मी दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा गेलो.

घर दुकानाच्या मागंच होतं. मुलीनं शेंगदाण्याची पोळी आणि खमंग झुणका केला होता. मी तिला ओळखत होतो, तिच्या लग्नातला प्रत्येक तास बघितला होता. पण या घरात तिनं मला पहिल्यांदाच बघितलं आणि "दादा, बसा," म्हणाली. जेवताना तिच्या वडिलांनी विचारलं, "तुमच्या घरात कोण कोण असतं?"

"कोणी नाही," मी म्हणालो. इतकं सरळ मी ते आधी कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याच तोंडून ते ऐकताना जरा दचकायलाच झालं.

त्यांनी माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

एसटी स्टँडपर्यंत ते सोडायला आले आणि गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभे राहिले. गाडी हलल्यावर बाहेरून ओरडले, "पोचला की फोन करा!"

कोल्हापुरात उतरलो तेव्हा दिवेलागण झाली होती. खानावळीची वेळ होत आली होती. पण आधी स्टँडसमोरच्या एसटीडी बूथमध्ये शिरलो आणि नंबर फिरवला. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

"पोचला व्हय?"

"हो, पोचलो."

"बरं झालं." आणि मागं कुणाला तरी म्हणाले, "पोचला गं."